श्वेत बटूवर पडणारा वायू

परभणीत पाऊस ओसरला, की ऑक्टोबरमध्ये रात्री आठच्या सुमारास वायव्येला अभिजित तारा ठळक दिसतो. तिथून ध्रुवताऱ्याच्या बाजूला साधारण 12 अंशांवर एएम हर्क्युलिस ही ताऱ्यांची जोडी आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तिच्यात एक श्वेत बटू आहे, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याच्या जवळपास. शेजारचा लाल बटू त्याच्याभोवती सुमारे 3.1 तासांत फेरी मारतो आणि त्याचा वायू श्वेत बटूकडे ओढला जातो.

हा वायू सरळ खाली पडत नाही. जोडी फिरत असल्यामुळे त्यालाही फिरकी असते. श्वेत बटूचे चुंबकी क्षेत्र दुबळे असेल, तर वायूची त्याच्याभोवती तबकडी तयार होते आणि तो घर्षणाने हळूहळू आत सरकतो.

क्षेत्र प्रबळ असेल, तर चित्र बदलते. तापलेल्या वायूतले कण विद्युतभारित असतात. दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखे ते चुंबकी बलरेषेवरून सरकू शकतात, रेषा ओलांडू शकत नाहीत. चुंबकी दाब वायूच्या लोंढ्याच्या दाबापेक्षा वाढला, की पुढची वाट बलरेषा ठरवतात. ती थेट चुंबकी ध्रुवाकडे जाते.

पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, एएम हर्क्युलिसचे सुमारे दीड कोटी गॉस. तिथे तबकडी तयारच होत नाही. दोन्ही तारे एकमेकांशी जखडले जातात आणि श्वेत बटूची एक बाजू कायम जोडीदाराकडे राहते. अशा जोड्यांना 'पोलर' म्हणतात. क्षेत्र याहून कमी असले, तर तबकडी बनते, पण तिचा आतला भाग चुंबक पोखरतो. एई अक्वेरी या जोडीतला श्वेत बटू 33 सेकंदांत स्वतःभोवती फिरतो. तिथे चुंबक बहुतेक वायू बाहेर भिरकावून देतो.

ध्रुवावर वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने कोसळतो. पृष्ठभागाच्या जरा वर तो एकदम अडतो, आघात-तरंग उठतो, तापमान दहा कोटी अंशांवर जाते आणि क्ष-किरण बाहेर पडतात. बलरेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन ध्रुवित प्रकाश देतात. सान्तियागो तापिया यांना 1976 मध्ये एएम हर्क्युलिसचे चुंबकत्व याच प्रकाशावरून कळले.

क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून त्यांच्यासाठी उपग्रह लागतो. 28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.