तराणा, ट्रम्पेट आणि 'ईना मीना डीका'

'अलबेला' म्हटलं की आधी आठवतात ते भगवानदादांचे डुलते पाय. पण त्यातलं 'दीवाना परवाना' हे गाणं पुन्हा कधी पाहायला मिळालं, तर पडद्यावरच्या वादकांकडे नीट बघावं. झालरीदार बाह्यांचे सदरे घातलेला एक वाद्यवृंद तिथे आहे आणि त्यात ट्रम्पेट तोंडाला लावलेला एक गोवेकर. त्याचं खरं नाव अँटोनियो झेव्हियर वाझ. मुंबईची हॉटेलं त्याला ओळखत ती चिक चॉकलेट म्हणून. १९५१ सालच्या या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, आणि चिक त्यांचा साहाय्यक. एक पुण्यात ख्याल शिकलेला, दुसरा अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड ऐकून घडलेला. या दोघांनी मिळून जे केलं, ते समजून घेतलं की जॅझमधली भागीदारी म्हणजे नेमकं काय, ते आपल्या ओळखीच्या गाण्यांतूनच कळतं.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. जन्म १९१८ चा. गाण्याची तालीम त्यांना मिळाली विनायकबुवा पटवर्धनांकडे. बुवा विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत त्यांनी भूमिका केल्या आणि १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. बुवांचा तराणा विशेष गाजला. 'तनन', 'देरेना', 'दिर दिर' अशा अर्थाचं ओझं नसलेल्या अक्षरांनी लय कशी पळवायची, कुठे अडवायची आणि समेवर कशी आणून सोडायची, हे त्यांच्याकडे शिकणाऱ्याच्या कानावरून न जाणं शक्यच नव्हतं. पुढे या तराण्याकडे परत यायचं आहे.

चिकचा जन्म १९१६ चा, बार्देशातल्या हळदोण्याचा. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायची जुनी रीत होती. त्यामुळे गोव्याहून मुंबईला पोटापाण्यासाठी आलेल्या कितीतरी पोरांना कागदावरचं संगीत वर्तमानपत्रासारखं वाचता येई. मुंबईत त्यांच्या कानावर एक नवंच प्रकरण पडलं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. गोवेकर वादकांनी त्यांना ऐकलं, काहींनी त्यांच्याबरोबर वाजवलं आणि कागदावर न मावणारी एक गोष्ट उचलली. ती म्हणजे दुसऱ्याचं ऐकत ऐकत, त्याच क्षणी आपलं वाजवणं.

जॅझमध्ये हे चालतं कसं? समजा पाचजण बसलेत. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, आपल्या बंदिशीच्या मुखड्यासारखी. त्या धुनेखाली सुरांच्या जुड्यांचा, म्हणजे कॉर्डचा, एक ठरलेला क्रम असतो. पुष्कळ गाण्यांत तो बत्तीस मात्राखंडांचा. मुखडा झाला की हा क्रम आवर्तनासारखा फिरत राहतो आणि एकेक वादक त्यावर आपला विस्तार करतो. ट्रम्पेट पुढे असताना पियानोवाला गप्प नसतो. तो अधूनमधून कॉर्डचे ठोके देतो, कधी ट्रम्पेटला आधार म्हणून, कधी डिवचायला. ड्रमवाला एखादी जागा हेरून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत तिथे बरोबर उत्तर देतो. शेवटाकडे चार चार खंडांची देवाणघेवाण होते. सवाल-जवाब ऐकलेल्या पुणेकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फरक मात्र आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मैफल गायकाची असते. तबला-पेटी साथ करतात, रंगत आणतात, पण पुढारपण गायकाचंच. जॅझमध्ये पुढारपण फिरतं. आत्ता जो साथीला होता तो पुढच्या आवर्तनात धनी होतो, आणि धनी होता तो साथीला बसतो. म्हणून दुसऱ्याला जागा देता येणं हे तिथे वाजवण्याइतकंच मोठं कसब मानलं जातं.

अशा कसबाचे लोक सिनेमाच्या स्टुडिओत का आले? एक कारण रोजीरोटीचं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या नाचगाण्याच्या रात्री ओसरू लागल्या, आणि स्टुडिओत दिवसाच्या कामाचे रोख पैसे मिळत. दुसरं कारण संगीतकारांची गरज. चाल सुचायची ती पेटीवर, सरगमच्या भाषेत. तिला ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, गिटार असा ताफा जोडायचा तर प्रत्येकासाठी स्वतंत्र कागद लागे. संगीतकार गाऊन दाखवी, साहाय्यक ती चाल पाश्चात्त्य लिपीत उतरवी, मग तिच्याखाली कॉर्ड बसवी. गाण्याआधीचा तुकडा, दोन कडव्यांमधलं संगीत, गायकाच्या ओळीमागून हळूच सरकणारी दुसरी सुरावट यांतलं किती संगीतकाराचं आणि किती अरेंजरचं, ते गाण्यागणिक बदले. ती सीमारेषा आज कुणालाही आखता येणार नाही.

रेकॉर्डिंगही आजच्यासारखं एकेकाचा ट्रॅक वेगळा घेऊन व्हायचं नाही. गायक आणि वादक एकाच वेळी गात-वाजवत. माइक मोजके, त्यामुळे कुणाचा आवाज किती यायचा हे तो माइकपासून किती लांब उभा आहे त्यावर ठरे. ट्रम्पेटवाला मागे, बासरीवाला पुढे. तीन-सव्वातीन मिनिटांत एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हॉटेलात रात्रभर एकमेकांच्या श्वासावर वाजवायची सवय असलेली माणसं इथे किती उपयोगी पडली असतील! 'अलबेला'तलं 'शोला जो भड़के' ऐकताना हे जाणवतं. बोंगोची लय, तिच्यावर डुलणारं वाद्यांचं बोलणं आणि त्यातून चितळकरांचा स्वतःचा आवाज. लिहिलेलं असूनही ते लिहिल्यासारखं वाटत नाही.

आता तराणा. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं 'ईना मीना डीका' किशोरकुमार आणि आशा भोसले दोघांनीही वेगवेगळं गायलं. त्याच्या जन्माची कथा अशी सांगतात: सी. रामचंद्रांच्या म्युझिक रूमबाहेर मुलं खेळताना राज्य कुणावर ते ठरवायला इंग्रजी गणती म्हणत होती. तिचा ठेका संगीतकाराच्या कानात बसला. मग साहाय्यक जॉन गोम्स यांनी आणखी अक्षरं जोडली आणि त्यांतच कोंकणीतले 'मला नको' अशा अर्थाचे दोन शब्दही घातले. गीतकार राजेंद्र कृष्ण. म्हणजे रस्त्यावरची पोरं, नगर जिल्ह्यातला संगीतकार, गोव्याचा अरेंजर आणि उर्दूत मुरलेला कवी एवढ्यांचे हात एका मुखड्याला लागले.

अमेरिकेत अर्थहीन अक्षरांच्या अशा गाण्याला स्कॅट म्हणतात. १९२६ च्या 'हीबी जीबीज' या रेकॉर्डने लुई आर्मस्ट्राँगने ते घरोघरी पोचवलं. स्कॅटमध्ये गळा ट्रम्पेटसारखा वागतो. तराण्यात गळा तबल्याच्या आणि सतारीच्या बोलांजवळ जातो. सी. रामचंद्रांच्या मनात त्या वेळी विनायकबुवांचा तराणा होता असा पुरावा नाही, आणि तसा दावा करायचंही कारण नाही. पण अर्थाशिवायची अक्षरं लयीत कशी नाचवायची, हे ज्याला पुण्यात मिळालं होतं, त्याला शेजारच्या गोवेकराची अक्षरं परकी वाटली नसणार. अशी भागीदारी जमते तेव्हा दोघांचंही काहीतरी आधीपासून जुळलेलं असतं.

श्रेयाचा प्रश्न जॅझच्या मायभूमीतही सुटला नाही. ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राची ओळख बनलेली 'टेक द ए ट्रेन' ही धून एलिंग्टनची नव्हे, त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याची. दोघांनी जवळपास तीन दशकं इतकं एकत्र लिहिलं की कुठला भाग कुणाचा हे ठरवण्यात अभ्यासकांची आयुष्यं गेली. एलिंग्टनची एक पद्धत मात्र शिकण्यासारखी होती. तो नुसत्या वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिही. कूटी विल्यम्स या ट्रम्पेटवादकासाठी १९४० साली लिहिलेल्या रचनेला त्याने नावच 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' दिलं. हेच एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न १९६३ साली भारतात येऊन गेले, आणि पुढे 'फार ईस्ट स्वीट'मध्ये त्यांनी दिल्लीच्या मैनेवर एक रचना केली.

आपल्याकडे वादकांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर यायला वेळ लागला. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाइल' नावाची एलपी काढली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, शिवरंजनी, भैरवी असे अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. ही एलपी आज ऐकली तर काही तुकडे फार घाईत आटोपल्यासारखे वाटतात; तीन-चार मिनिटांत मालकंस काय उभा राहणार? पण सतार थांबते आणि सॅक्सोफोन तोच सूर उचलतो, ती जागा मात्र अस्सल आहे.

यापेक्षा खोल गेलेलं उदाहरण एकाच घरातलं आहे. बेळगावात १९२५ साली जन्मलेल्या शोभा गुर्टू म्हणजे मेनकाबाई शिरोडकरांच्या कन्या, ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. त्यांचे चिरंजीव त्रिलोक तबला शिकले आणि जॅझच्या जगात गेले. १९८८ च्या 'उस्फ्रेत' या त्यांच्या अल्बममध्ये राल्फ टाउनरची गिटार आहे, डॉन चेरीचं ट्रम्पेट आहे आणि शोभाताईंचा आवाजही आहे. एकच शब्द दहा रंगांनी म्हणायचा, हे ठुमरीतलं बोलबनावाचं काम. आणि ओळखीची धून दर वेळी नव्याने वळवायची, हे जॅझवाल्याचं. आईला आपलं गाणं कुठेही मुरडावं लागलेलं नाही. त्रिलोक स्वतः उंच स्टुलावर बसत नाहीत. जमिनीलगत बसून तबला, ड्रम, झांजा सगळं हाताच्या अंतरावर मांडतात आणि शेजारी पाण्याची बादली ठेवतात. वाजती घंटा त्या पाण्यात बुडवली की तिचा सूर मिंडेसारखा खाली घसरतो.

पुण्यात जॅझ ऐकायचं तर लोक कोरेगाव पार्काकडे जात आले. तिथल्या शिशा कॅफेने हे संगीत वाजतं ठेवून शहराला त्याची ओळख करून दिली. पण या कथेचा दुसरा पत्ता जुन्या बाजाराचा आहे. रविवारी-बुधवारी तिथे कुलपं, पितळी समया आणि घड्याळांच्या सांगाड्यांमध्ये कधीतरी ७८ आरपीएमच्या रेकॉर्डींची चवड निघते. धूळ पुसून एखादी 'अलबेला'ची हाती लागली, तर तिच्या लेबलावर गायक म्हणून चितळकर आणि संगीतकार म्हणून सी. रामचंद्र अशी एकाच माणसाची दोन नावं वाचायला मिळतात. हळदोण्याच्या वाझचं नाव तिथे नाही. सुई टेकवली की त्याचं ट्रम्पेट मात्र वाजतं.