अम्मीच्या गुडघ्यांना जागा हवी, पण कशी?

बकरी ईद जवळ आली की मुंबई, ठाणे, मुंब्र्याहून कितीतरी कुटुंबे कोकणातल्या आपल्या गावी निघतात. रत्नागिरीपर्यंतचे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. घाटाची वळणे, वाहतुकीची कोंडी आणि मागच्या सीटवर, समोरच्या सीटला गुडघे टेकवून बसलेल्या अम्मी. उतरताना त्यांचे पाय पार आखडलेले असतात. मग घरातले कुणीतरी सुचवते, "गॅरेजमध्ये सांगून मागची सीट चार इंच मागे घेऊ या."

नियत चांगलीच आहे. आई-वडिलांना आराम देणे हे सवाबाचे काम. पण गाडीतली सीट म्हणजे दिवाणखान्यातला सोफा नव्हे.

सीट जिथे बोल्टने बसवलेली असते, तिथला पत्रा कंपनीने मुद्दाम मजबूत केलेला असतो. सीटबेल्टची जागाही सीटनुसारच ठरते. पट्टा कमरेच्या हाडांवरून जायला हवा, पोटावरून नव्हे. सीट सरकवली की पट्ट्याचा कोन बदलतो आणि धडकेच्या वेळी तो शरीराला नीट धरून ठेवत नाही. छोट्या गाडीत तर बसणाऱ्याचे डोके मागच्या काचेजवळ जाते. शिवाय अनेक गाड्यांत इंधनाची टाकी मागच्या सीटखालीच असते. तिथे ड्रिल किंवा वेल्डिंग करणे म्हणजे आगीशी खेळ.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतील मूळ नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आसनसंख्या ही त्यातलीच एक नोंद. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

मग करावे काय? सर्वांत सोपे म्हणजे अम्मींना पुढे बसवा आणि ती सीट शक्य तितकी मागे घ्या. त्यांच्या मागे घरातले लहान मूल बसू द्या. त्या मागेच बसणार असतील तर पुढची सीट थोडी पुढे सरकवा. तिच्याखाली ठेवलेल्या चपला, बाटल्या, पिशव्या काढा. पाय आत सरकले की गुडघे मोकळे होतात. सीटच्या पाठीवरचे भरलेले कप्पे रिकामे करा. जाड सीटकव्हरही जागा खाते. अर्टिगासारख्या गाडीत मधली रांग मुळातच मागेपुढे सरकते. ट्रायबरची तिसरी रांग तर काढून ठेवता येते. नवी गाडी घेताना शोरूममध्ये घरातल्या वडीलधाऱ्यांनाच मागे बसवून पाहा. आणि वाटेत दर दीड-दोन तासांनी थांबा, त्यांना चार पावले चालू द्या.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो, हे आपण सहज विसरतो. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. जीव ही अल्लाहची अमानत. म्हणून सफरची दुआ पढण्याआधी मागे वळून एकदा पाहा, अम्मींचे पाय मोकळे आहेत ना आणि त्यांचा पट्टा लागला आहे ना? इन्शाअल्लाह, ईद गावी आनंदात होईल.