ताटातला आईचा वाटा

“डॉक्टर, अंगणवाडीतून मिळतं ते आणते मी, पण घरात पोरं आहेत, तीच खातात.” धसईच्या आसपासच्या वाड्यापाड्यांतील गरोदर बाईला आहाराविषयी विचारले की हे उत्तर हमखास ऐकू येते. यात तिला दोष देता येत नाही. भुकेले मूल समोर असताना कोणती आई आपला घास राखून ठेवील? नुकसान मात्र पोटातल्या बाळाचे होते.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना 1975 साली सुरू झाली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहार हा हक्क ठरला. गरोदर आणि स्तनदा मातेसाठी रोज 600 उष्मांक व 18 ते 20 ग्रॅम प्रथिने, असे त्याचे प्रमाण आहे. हा ‘पूरक’ आहार आहे. म्हणजे घरच्या जेवणाच्या जोडीला घ्यायचा, जेवणाऐवजी नव्हे. तोच चौघांत वाटला गेला, तर आईच्या वाट्याला 150 उष्मांक येतात. जेमतेम एका भाकरीएवढे!

ही अडचण ओळखूनच आदिवासी उपयोजनेतील गावांसाठी 2015 साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. तिच्यात मातेला भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, अंडे किंवा केळे असे एक वेळचे चौरस जेवण मिळते. ते अंगणवाडीत बसूनच जेवावे. डबा घरी नेला की पुन्हा वाटण्या होतात.

काही घरांत सासूबाई म्हणतात, “जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल.” हा गैरसमज आहे. उपाशी आईचे बाळ अशक्त जन्मते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो आणि आईच्या अंगात रक्त कमी असेल, तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून जेवणाबरोबर लोहाची गोळी रोज घ्यावी. गोळी घेताना चहा घेऊ नये. लिंबू किंवा आवळा चांगला. शौचास काळी झाली तर घाबरू नये.

बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको. त्यानंतर दुधासोबत मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे सुरू करावे. अमृत आहार योजनेत 2016 पासून 7 महिने ते 6 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे मिळते. सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर ते मूल अतितीव्र कुपोषित समजावे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

आपल्याकडचा खरा खंड दिवाळीनंतर पडतो. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि चार-पाच महिने आई आणि मूल दोघांचाही आहार सुटतो. निघण्यापूर्वी अंगणवाडीताईंना ठिकाण सांगावे, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत नाव घालावे. गाव बदलले म्हणून हक्क संपत नाही. भट्टीमालकांनीही बाईला तेवढा तास मोकळा द्यावा.

शेवटची विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना. सुनेला अंगणवाडीत जेवायला पाठवा आणि घरी आल्यावर, “जेवलीस ना तिकडे?” म्हणून तिचे ताट काढून घेऊ नका. या दिवसांत ती दोन जिवांसाठी जेवते आहे.