अजस्र विमान आणि आखूड तारा

दुबईहून येणारे एअरबस ए-३८० हे दुमजली विमान २०१३ च्या डिसेंबरपासून आपल्या प्लेझांसच्या विमानतळावर उतरू लागले. आपल्यापैकी कित्येकांनी त्यातून प्रवासही केला असेल. हेच विमान बांधताना कारखान्यात केवढा गोंधळ उडाला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्यांची मुले अभियंता होऊ पाहतात, त्यांनी तरी ही हकीकत घरी अवश्य सांगावी.

या विमानाचे काम चार देशांत वाटलेले होते. पंख वेल्समध्ये, शेपटीचे भाग स्पेनमध्ये, धडाचे मोठे भाग जर्मनीतील हॅम्बुर्गला, आणि शेवटची जोडणी फ्रान्समधील तुलूझ येथे. २७ एप्रिल २००५ रोजी पहिले विमान उडाले, टाळ्या पडल्या. पण पुढची विमाने जोडताना कामगारांच्या लक्षात आले की हॅम्बुर्गहून आलेल्या तारांचे जुडगे जागेवर पोचतच नाहीत. तारा आखूड पडत होत्या!

एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. आपल्या बेटाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत चार वेळा जाऊन परत यावे, एवढी ही लांबी. शिवाय वजन वाचवण्यासाठी बऱ्याच तारा तांब्याऐवजी अॅल्युमिनियमच्या घेतल्या होत्या, आणि ती तार तांब्यासारखी सहज वळत नाही.

मूळ दोष तारेचा नव्हताच. आराखडे काढायला दोन्हीकडे कॅटिया नावाचेच सॉफ्टवेअर होते. पण हॅम्बुर्गकडे चौथी आवृत्ती आणि तुलूझकडे पाचवी. एकीकडचा बदल दुसरीकडे नीट उमटत नव्हता. एकाच वर्गाला दोन शिक्षक दोन निरनिराळ्या आवृत्त्यांची पुस्तके घेऊन शिकवू लागले तर काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको.

ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने जाहीर केले की विमाने एकूण सुमारे दोन वर्षे उशिरा मिळतील, आणि २०१० पर्यंत ४८० कोटी युरोंचा नफा हातचा जाईल.

अशा गुंतागुंतीच्या कामासाठी एक पद्धत तेव्हाही विद्वानांना माहीत होती. अमेरिकेतील प्राध्यापक वेन वायमोर यांचा या विषयावरील ग्रंथ १९९३ सालचा. तिचे सार असे: शेकडो कागद वेगवेगळ्या कपाटांत ठेवण्याऐवजी संपूर्ण यंत्राचे एकच प्रतिरूप संगणकात उभे करायचे. प्रतिरूप म्हणजे नुसते चित्र नव्हे. ग्राहकाला काय हवे, कोणता भाग कोणते काम करतो, कोण कोणाला जोडला आहे, हे सारे त्यात एकमेकांशी बांधलेले असते. तांबे बदलून अॅल्युमिनियम लिहिले, की वळणाची मर्यादा कुठे कुठे मोडते ते शोधता यावे. त्यासाठी सिसएमएल ही खास चित्रभाषा २००७ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली.

अर्थात, संगणक विकत घेतला म्हणून हे आपोआप घडत नाही, असे आमचे मत आहे. ए-३८० च्या कारखान्यांतही संगणकांची वाण नव्हती. हॅम्बुर्ग आणि तुलूझ यांनी एकच प्रतिरूप मानायचे, हे आधी माणसांनी ठरवायला हवे होते.

शेवटी हॅम्बुर्गचे शेकडो कामगार तुलूझला आणावे लागले. सुरुवातीच्या सुमारे २५ विमानांच्या तारा एकेक करून हातांनी बसवल्या गेल्या. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले. त्या पहिल्या तुकडीनंतरच्या विमानांसाठी तारांचे आराखडे सर्वांनी एकाच आवृत्तीत नव्याने काढले.