‘कोंडा’ या शब्दाचे तीन अर्थ आणि डुकरिणीचा स्निग्धाहार

गोंदिया हा भाताचा प्रदेश होय. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. भातशेती व भाताच्या गिरण्या ही त्याची जुनी ओळख मात्र तशीच राहिली. येथील डुक्करपालकास स्निग्ध पदार्थांचा सर्वांत जवळचा साठा गिरणीतच मिळतो. परंतु तो ज्या नावाने मागितला जातो, ते ‘कोंडा’ हे नाव एकाच पदार्थाचे नाही. या अनेकार्थतेचा परिणाम नवजात पिल्लांच्या जीवनावर कसा होतो, हे येथे पाहावयाचे आहे.

डुकराचे पिल्लू जन्मतः सुमारे एक ते दीड किलो वजनाचे असते आणि त्याच्या शरीरात चरबी जेमतेम एक ते दोन टक्के असते. अनेक सस्तन प्राण्यांच्या पिल्लांना ऊब देणारी तपकिरी चरबी त्याच्या ठायी नसते; तिच्या कार्यास आवश्यक असलेले जनुक डुकराच्या पूर्वजांतच निकामी झाले होते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. नवजात पिल्लास सुमारे ३४ अंश सेल्सिअस उष्णता लागते, तर गोंदियात हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. अशा वेळी पिल्लाचा आधार म्हणजे आईचा चीक आणि त्यानंतरचे दूध.

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. तिने खाल्लेले स्निग्ध पदार्थ वारेतून गर्भापर्यंत फारसे पोहोचत नाहीत; चीक व दूध यांतील स्निग्धांश मात्र त्यांनी वाढतो. या विषयावरील प्रयोगांचा आढावा पेटिग्रू यांनी १९८१ साली घेतला. विण्यापूर्वी डुकरिणीस एकूण एक किलोहून अधिक जादा स्निग्ध पदार्थ मिळाल्यास पिल्ले जगण्याचे प्रमाण वाढते, आणि जेथे ते मुळात कमी असते तेथे हा लाभ विशेष दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होय.

आता शब्दाकडे वळू. जुन्या हलर गिरणीत तूस व तांदळावरील साल एकत्रच निघतात. त्या मिश्रणास कोंडा म्हणतात. नव्या गिरणीत तूस आधी वेगळे होते व पॉलिश करताना केवळ साल निघते, तीही कोंडाच. तेलगिरणीत या सालीतील तेल काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यासही कोंडाच म्हणतात. पॉलिशच्या कोंड्यात तेल साधारणतः १५ टक्के वा अधिक, तूसमिश्र कोंड्यात सुमारे ५ टक्के, आणि तेल काढलेल्यात जेमतेम १ टक्का असते.

हिशेब सोपा आहे. एक किलो तेलासाठी पहिल्या प्रकारचा कोंडा सुमारे पावणेसात किलो लागेल, दुसऱ्या प्रकारचा वीस किलो आणि तिसऱ्या प्रकारचा शंभर किलो. विण्यापूर्वीच्या आठवड्यात रोज एक किलो पॉलिशचा कोंडा देणे शक्य आहे. उरलेले दोन्ही त्या प्रमाणात देणे शक्य नाही. शिवाय तुसात सिलिका भरपूर असते व पोषण जवळजवळ नसते. शब्द तोच राहिला, तरी पिल्लाच्या वाट्याला येणारी ऊब तीच राहत नाही.

आणखी एक भेद काळाचा आहे. साल सुटताच तिच्यातील लायपेझ हे विकर तेलाचे विघटन करू लागते व कोंडा थोड्याच दिवसांत खवट होतो. खवट कोंडा डुकरीण नीट खात नाही. म्हणून कोंडा ताजा घ्यावा, अथवा दळणानंतर लगेच तापवून घ्यावा. उकड्या तांदळाचा कोंडा अधिक टिकतो, कारण उकडण्याच्या क्रियेतच हे विकर निष्प्रभ होते.

तात्पर्य, येथे शब्दाची निश्चिती हा केवळ कोशकाराचा प्रश्न नाही. ‘पॉलिशचा कोंडा’, ‘तूसमिश्र कोंडा’ आणि ‘तेल काढलेला कोंडा’ अशी तीन नावे पोत्यावर व पावतीवर वेगळी लिहिली जाणे इष्ट होय. तोवर मूठभर कोंडा पाण्यात टाकून पाहावा. तुसाचे तुकडे बहुधा वर तरंगतात. ज्या भाषेत खरेदी होते, त्याच भाषेत वस्तूंचा भेद स्पष्ट झाला, तर शास्त्राचे ज्ञान गोठ्यापर्यंत पोहोचते.