उष्टं मोजणारा डॉक्टर

मुलगा गुरांचा डॉक्टर होतोय, असं सांगताना आईवडिलांच्या डोळ्यांसमोर गोठा असतो, म्हैस असते, फार तर शेळ्या-कोंबड्या असतात. आणि एक दिवस तोच मुलगा फोनवर सांगतो, ‘मी सध्या प्राणिसंग्रहालयात हरणांचं उष्टं मोजतोय.’ घरचे बुचकळ्यात पडतात. एवढी वर्षं शिकून हेच करायचं होतं का?

हो, हेच. कसं, ते सांगतो.

सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाच्या पदवीला साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, करावी लागते. दवाखाना आणि गोठा यांच्या बरोबरीनं वन्यप्राण्यांचीही ओळख करून घेण्याचं हे वर्ष. शिरवळहून पुण्याकडे निघालं आणि जुना कात्रज घाट उतरलं, की राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लागतं. पुण्याच्या पेशवे पार्कातले प्राणी इथंच हलवले गेले. अशा ठिकाणी काही दिवस काढलेला विद्यार्थी सर्वांत जास्त काय शिकत असेल, तर खाऊ घालणं.

आता यात शिकायचं काय, असं वाटेल. गणित पाहा. पन्नास किलो वजनाच्या चितळाला दिवसाला साधारण सव्वा ते दीड किलो ‘कोरडा भाग’ लागतो. कोरडा भाग म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून उरतं ते. हिरव्या मक्यात तो चौथा हिस्साच असतो, कडब्यात मात्र दहातले नऊ हिस्से. म्हणजे हिरवा चारा पाच-सहा किलो घातला काय आणि कडबा दीड किलो घातला काय, कोरडा भाग जवळपास सारखाच. नुसता ढीग बघून अंदाज बांधणारा इथं फसतो.

पण वाढलं म्हणजे पोटात गेलं असं नाही. दिलेल्या चाऱ्यातून उरलेला वजा केला, तरच खाल्लेला कळतो. आपल्या गोठ्यातली गाय खात नसेल, तर मालकाला लगेच समजतं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवतो, कान धरून पाहतो. हरणाला असा हात लावता येत नाही. पकडायला गेलं, तर धसक्यानंच ते दगावू शकतं. शिवाय रानात जो दुबळा दिसतो, तो आधी मारला जातो. म्हणून ही जनावरं आजार शेवटपर्यंत लपवतात. तो बाहेर पडतो तीन ठिकाणी: गव्हाणीतल्या उष्ट्यात, लेंड्यांत आणि लांबून दिसणाऱ्या बरगड्यांत.

मी विद्यार्थी असताना एका प्राणिसंग्रहालयात हे फार वाईट रीतीनं शिकलो. एक चितळाची मादी मेली. वहीत आदल्या चारही दिवशी ‘खाद्य पूर्ण दिले’ अशी नोंद होती. ती खोटी नव्हती. किती उरलं, हा रकानाच वहीत नव्हता. शवविच्छेदनात तिच्या कोठीपोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला. कुणी हौसेनं पिशवीसकट फेकलेला खाऊ असणार. चार दिवस तिनं चारा हुंगून सोडला होता आणि आम्ही तो झाडून टाकला होता. त्या वेळी ती वाचली असती की नाही, सांगता येत नाही. पण आम्हाला कळलं तरी असतं.

पिशवीशिवाय दिलेला खाऊही निर्धोक नसतो. लग्नातला उरलेला भात-चपात्या खाऊन गाय फुगल्याचं आपल्याकडे अनेकांनी पाहिलं आहे. धान्य एकदम जास्त गेलं, की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं आणि चारा पचवणारे जिवाणू मरतात. हरणाचं पोटही त्याच जातीचं. पाव, बिस्किटं, मक्याचे दाणे त्याला गोड लागतात, सोसत मात्र नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमानं प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खाऊ घालायला बंदी आहे, ती यासाठी.

माकडांचं तसंच. इंग्लंडमधल्या पेग्नटन प्राणिसंग्रहालयानं २०१४ मध्ये माकडांना केळी देणंच बंद केलं. आपण पिकवलेली फळं रानफळांपेक्षा कितीतरी गोड असतात. त्यानं वजन वाढतं आणि दात किडतात. महाबळेश्वरला माकडांपुढे केळी आणि वेफर्स धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वाघ-बिबट्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मांसच हवं, पण नुसतं लुसलुशीत मांस नको. मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. रानातला वाघ हाडंही चावतो, म्हणून त्याचं भागतं. पिंजऱ्यातल्या बछड्यांना बिनहाडाचं मांसच देत राहिलं, तर त्यांची हाडं मऊ पडून पाय वाकतात.

हे ज्ञान प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीआड राहत नाही. कराड, शिराळा भागात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिल्लं सापडतात. कुणीतरी दयेपोटी वाटीत गाईचं दूध आणतं. बिबट्याच्या मादीचं दूध कितीतरी घट्ट आणि सकस असतं. गाईच्या दुधानं पिल्लाला हगवण लागते. पिल्लाला हात न लावता तोडणी थांबवावी आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं. पिल्लू जागेवर ठेवलं, तर बहुतेक वेळा आई रात्री येऊन ते घेऊन जाते. तिच्या दुधाची बरोबरी करणारं दुसरं काही नाही.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी उष्टं मोजत असेल, तर हसू नका. ती सवय घेऊनच ते उद्या माण-खटावच्या शेळ्यांपर्यंत आणि जत-आटपाडीच्या दावणीपर्यंत येणार आहेत. ‘काय घालता?’ असं तर कुणीही विचारतं. चांगला डॉक्टर ‘काय उरतं?’ असंही विचारतो.

आणि आपण? सागरेश्वरला सहलीला गेलात, चितळं दिसली, तर डोळे भरून पाहा. हातातली पिशवी मात्र घरी परत आणा.