पुंजक्यांनी दिलेला चकवा

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड संधिवात झालेल्यांचं सिरम स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंत मिसळलं, की जिवाणूंचे पुंजके होतात. १९३०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉ. रसेल सेसिल यांना वाटलं, दुखण्याचं मूळ हेच! 'दडलेल्या जंतुसंसर्गा'च्या संशयावरून त्या काळी कित्येकांचे दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले.

१९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वालर यांनी दाखवलं, की असं सिरम प्रतिपिंडं चिकटलेल्या मेंढीच्या रक्तपेशींचेही पुंजके करतं. तिथे कुठला आलाय जिवाणू? पुंजके करत होतं प्रतिपिंडांनाच पकडणारं प्रतिपिंड. तोच आपल्या रिपोर्टातला 'आरए फॅक्टर'. तो क्षयरोगातही सापडतो, आमवाताच्या काही रुग्णांत सापडतही नाही. म्हणून डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारतात, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?